मध्ये म्हणजे कुठे?

"आवाज जात नसतो, बाय. तो अडतो. कुठे अडलाय, तेवढं शोधायचं."

हे वाक्य म्हणताना अंकल खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायचे. काच स्वच्छ असली तरी पुसायचे. समोरचा माणूस जितका घाबरलेला, तितका चष्मा जास्त वेळ पुसला जाई. पुसून झाला की तो नाकावर चढवून ते खुर्ची ओढून बसत, आणि मगच कम्प्युटरकडे बघत. तोवर आपला जीव वर-खाली. केंद्र बंद, फोन वाजतोय, आणि हा माणूस काचा पुसतोय!

वसईच्या पश्चिमेला, गिरीजकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेच्या रिकाम्या पडलेल्या दोन वर्गखोल्यांत आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. एका खोलीत स्टुडिओ, दुसरीत आम्ही सगळे आणि पाण्याचं पिंप. गच्चीवर मनोरा. हवा चांगली असेल तर आमचा आवाज इकडे अर्नाळ्यापर्यंत आणि तिकडे चांदीपच्या शेतांपर्यंत जातो. भाजीचं आणि भाताचं सांगतो, समुद्राचं सांगतो, लसीकरण कधी आहे ते सांगतो. वाडीतल्या बायका त्यांच्या बोलीत गाणी म्हणतात, ती वाजवतो. मी तिथे कार्यक्रम सहायक आहे. मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये आलेली, आणि रेडिओ म्हणजे बटण दाबलं की वाजतो एवढीच समज असलेली.

केंद्रावर सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं. कोणत्या वेळी कोणतं गाणं, कोणती जाहिरात, कधी माइक उघडायचा, सगळं त्यात आधी लावून ठेवायचं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही वापरता येणारं असं ते सॉफ्टवेअर आहे. त्याचं एकच. बिघडलं तर तक्रार करायला कंपनी नाही. आमच्याकडे कंपनीच्या जागी अंकल होते.

त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच घेत नसे. गिरीजच्या वाडीत राहणारे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर रस्त्यातल्या खड्ड्यांत बसून केबलच्या तारा जोडल्या. निवृत्तीनंतर केळी आणि पालेभाजी. एकदा चर्चच्या सणाला लाउडस्पीकर बंद पडला, तो त्यांनी चालू केला, आणि आमच्या केंद्रप्रमुखांनी त्यांना तिथूनच उचलून आणलं. कम्प्युटर त्यांनी साठी उलटल्यावर शिकला. शिकला म्हणजे कसा, तर हातात पेन्सिल घेऊन. इंग्रजी सूचनांची पानं छापून घ्यायचे आणि प्रत्येक ओळीखाली मराठीत लिहायचे.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात. दुपारची वेळ. पडद्यावर गाणं चालू दिसत होतं, हिरव्या पट्ट्या नाचत होत्या, आणि बाहेर ठार शांतता. मी तीन वेळा कम्प्युटर बंद-चालू केला. चौथ्यांदा करणार तेवढ्यात ते सायकलवरून आले, चपला दाराबाहेर काढल्या, चष्मा पुसला.

"हात नको लावूस. आधी सांग, काय ऐकू येत नाही?"

"काहीच ऐकू येत नाही, अंकल."

"कुठे काहीच ऐकू येत नाही?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी कागदावर एक रेघ काढली. रेघेच्या या टोकाला गाणं, त्या टोकाला ऐकणाऱ्याचा रेडिओ. मध्ये सॉफ्टवेअर, मग कम्प्युटरचं साउंड कार्ड, मग केबल, मग आवाजाची पातळी सांभाळणारा शेवटचा डबा, मग ट्रान्समीटर. त्यांनी रेघेच्या बरोबर मधोमध बोट ठेवलं. "इथे ऐकायचं. इथे ऐकू आलं तर बिघाड उजवीकडे. नाही आलं तर डावीकडे. मग उरलेल्याचा पुन्हा अर्धा." टेलिफोनच्या केबलमध्ये तुटलेली तार ते अशीच शोधायचे म्हणे. सगळा रस्ता खणत बसायचा नाही.

त्या दिवशी बिघाड डावीकडे होता. त्यांनी एक काळी खिडकी उघडली. तिच्यात आवाजाचे उभे खांब दिसत होते. एका खांबाच्या तळाशी दोन छोटी अक्षरं होती, एम आणि एम.

"दोन एम म्हणजे तोंडावर बोट. दोन ओ म्हणजे तोंड उघडं." त्यांनी एक बटण दाबलं. एमचे ओ झाले आणि बाहेरच्या खोलीत गाणं मध्येच कुठून तरी सुरू झालं.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. पण तू तीनदा त्याचा गळा दाबलास." आणि ते हसले नाहीत. मशीनबद्दल ते कधी थट्टा करत नसत.

दुसरा प्रसंग मला अजून जास्त आवडतो. केंद्रप्रमुखांना कुणाशी तरी व्हिडिओवर बैठक करायची होती, म्हणून त्यांनी स्टुडिओच्या कम्प्युटरला कॅमेरा लावला. दुसऱ्या दिवशी कम्प्युटर चालू केला तर आवाज गायब. या खेपेला दोन ओ होते. केबल ठीक होती. अंकल बराच वेळ काळ्या खिडकीत वाचत बसले आणि मग म्हणाले, "आवाज अडला नाही, बाय. शेजाऱ्याच्या घरी गेलाय."

झालं होतं असं की कम्प्युटर आपल्या साउंड कार्डांना नंबर देतो. त्या कॅमेऱ्यातही एक छोटं कार्ड होतं. सकाळी चालू करताना कॅमेरा आधी जागा झाला आणि त्यानं आमच्या कार्डाचा नंबर पटकावला. सॉफ्टवेअर बिचारं रोजच्या नंबरावर आवाज पाठवत होतं आणि तो कॅमेऱ्याच्या पोटात जात होता. अंकलनी सॉफ्टवेअरमध्ये नंबर खोडून कार्डाचं नाव लिहिलं. "नंबर काय, आज याचा, उद्या त्याचा. नावानं हाक मारायची." त्यानंतर असा घोटाळा पुन्हा झाला नाही. केंद्रप्रमुखांनी कॅमेरा घरी नेला.

बिघाडांची त्यांनी एक वही ठेवली होती. काय ऐकू आलं, काय दिसलं, काय सापडलं, असे तीन रकाने. केंद्रप्रमुख शिस्तीचे. त्यांनी चौथा रकाना आखून घेतला: जबाबदार व्यक्ती. अंकलना तो आवडला नाही, पण वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते तो रकाना भरायचे. 'खारी हवा.' 'उंदीर.' 'वीज.' एकदा 'कबुतर (जोडीनं)' असं होतं. माणसाचं नाव एकदाही नाही. माझ्या चुका किती तरी असतील त्यात. मी त्या वहीत कुठे उंदीर आहे आणि कुठे खारी हवा, ते मलाच माहीत.

आणखी एक सवय. ते हेडफोन दोन्ही कानांवर कधी घालत नसत. एक बाजू उजव्या कानाला धरायचे, डोळे मिटून ऐकायचे; मग हेडफोन उलटा फिरवून दुसरी बाजू त्याच कानाला लावायचे. डावी वाहिनी, उजवी वाहिनी, आवाजाच्या या दोन बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हालाही ती जाणकाराची ऐट वाटली असती. आम्हाला वाटली. आमचे दोन निवेदक तसंच करायला लागले. त्यातल्या एकाला तर विचारलं असतं का करतोस, तर सांगता आलं नसतं.

आता सुनंदाबद्दल सांगायला हवं.

सुनंदा अर्नाळ्याची. चाळिशीची, घरची होडी, स्वतः मासळी सुकवणारी, विकणारी. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस दुपारी चार वाजता समुद्राचा कार्यक्रम करायची. वारा, लाटा, भरती-ओहोटी, हवामान खात्याची सूचना. असल्या सूचना मोबाइलवरही येतात, पण त्या सगळ्या किनाऱ्याला सारख्याच. सुनंदा त्या वाचून वर आपल्या बोलीत सांगायची की आज अमुक खडकाच्या बाहेर जाऊ नका, किंवा सकाळी जा पण दुपारच्या आत या. तिच्या आवाजाला दम होता. त्यामुळे बोट काढायची की नाही, हे तिकडचे बरेच जण चार वाजता ठरवायचे. मात्र तिला बटणं दाबून बघायची हौस होती. स्टुडिओत काहीही नवीन दिसलं की तिचं बोट आधी पुढे.

पावसाळा संपून बोटी पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. आमचं जुनं साउंड कार्ड खाऱ्या हवेनं मेलं आणि नवीन आलं. त्याच्या मागची भोकं वेगळी होती, म्हणून अंकलनी घरी ओट्यावर बसून नवी केबल तयार केली. शनिवारी ती बसवली, हेडफोन इकडून लावला, तिकडून लावला, समाधानानं मान हलवली आणि घरी गेले. रविवारी आणि सोमवारी सकाळी सगळं आधीच लावलेलं असतं, नुसती गाणी. कळंबच्या एका कॉटेजवरच्या रखवालदाराचा फोन आला होता, गाण्यातला गाणारा कुठे गेला म्हणून. ज्यानं घेतला तो हसला आणि विसरून गेला.

सोमवारी मी कामासाठी पालघरला गेले होते. चार वाजता सुनंदानं सूचना वाचली. संध्याकाळनंतर वाऱ्याचा जोर, कोणीही बोटी काढू नका. तीन वेळा वाचली. स्टुडिओत पट्ट्या नाचत होत्या. कार्यक्रम संपवून ती बाहेर आली तर फोन वाजत होता.

"बाजा येतो, बाय येत नाय," पलीकडचा म्हणत होता. "नुसता बाजा वाजवता काय?"

तोवर तिच्या दिराची बोट निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट परत आली. जाळी गेली होती आणि दिराचा उजवा हात मनगटापाशी मोडला होता. बाकीचे तिघे धड होते. अर्नाळ्यात बोलणं सुरू झालं की सुनंदानं सांगितलंच नाही. घरचीच बाई रेडिओवर, आणि घरच्यांनाच खबर नाही.

केंद्रप्रमुखांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. नोंदीसाठी आम्ही आमचंच प्रसारण एका साध्या रेडिओवर पकडून साठवतो. ते वाजवलं. सुरुवातीची धून होती, मधलं संगीत होतं, आणि जिथे सुनंदा असायला हवी तिथे काही नव्हतं. मंगळवारी सकाळच्या निवेदकाचंही तेच झालं होतं, म्हणजे माइक उघडायला सुनंदा विसरली असं म्हणायला जागा नव्हती. पण कार्यक्रमाआधी तिनं आपला मोबाइल कम्प्युटरला जोडला होता, अर्नाळ्याच्या बायकांचं एक गाणं घालायला. तिनं ते स्वतःच सांगितलं.

"म्हणजे तेव्हाच सेटिंग बदललं," केंद्रप्रमुख म्हणाले. "अंकल, शनिवारी कसं होतं?"

अंकल म्हणाले, "शनिवारी मी स्वतः ऐकून गेलो. ठीक होतं."

"मी तीनदा वाचलं," सुनंदा म्हणाली. "हेडफोनमदे माजाच आवाज कायतरी पोकल येत होता. मना वाटलं नवीन मशीन हाय, असंल तसंच."

पोकळ म्हणजे काय, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. केंद्रप्रमुखांनी तिला काही दिवस येऊ नको म्हणून सांगितलं. ती पिशवी घेऊन उठली, दारात चप्पल घालताना अंकलकडे एकदा बघितलं आणि गेली.

पुढचे दोन दिवस आम्ही नुसतं संगीत वाजवलं आणि अंकल सॉफ्टवेअरमध्ये शोधत राहिले. सुनंदानं काय बदललं असेल ते. सगळं पुन्हा बसवून झालं. खांब बघून झाले, नावं बघून झाली. ते रेघेच्या मधोमध ऐकत होते, आणि प्रत्येक वेळी ठीक होतं. शेवटच्या डब्याशी ऐकत होते, तिथेही ठीक. आणि त्यानंतर ट्रान्समीटरमधून बाहेर पडलं की माणूस नाहीसा. मी त्यांच्या शेजारी बसून पट्ट्या बघायची. ऐकायचं काम त्यांचं, असं माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की हेडफोनला मी हातही लावला नाही.

बुधवारी दुपारी त्यांनी मला त्या सॉफ्टवेअरच्या लोकांना पत्र लिहायला लावलं. इंटरनेटवर त्यांची एक जागा आहे, तिथे जगभरचे लोक अडचणी विचारतात. काय दिसतं, काय ऐकू येतं, ते त्यांनी क्रमानं सांगितलं, मी इंग्रजी केलं. गुरुवारी उत्तर आलं. कुठल्या तरी डोंगराळ देशातलं छोटं केंद्र चालवणाऱ्या माणसानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. तुमचा ट्रान्समीटर दोन्ही वाहिन्या एकत्र करतो का? करत असेल तर एक-एक ऐकू नका. दोन्ही एकदम ऐका, आणि मध्ये कोण आहे ते सांगा.

मी वाचून दाखवलं. अंकलनी हेडफोन उचलला. इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं.

"दोन्ही बरोबर आहेत."

"तो म्हणतोय दोन्ही एकदम ऐका."

त्यांनी हेडफोन कानावरून काढला. मग तो माझ्यापुढे धरला. "तू ऐक."

मी तो दोन्ही कानांवर घातला. चाचणीसाठी माइकवर बसवलेल्या निवेदकाचा आवाज येत होता, पण तो कुठे आहे तेच कळेना. जणू डोक्याच्या मागून, दोन्ही बाजूंनी, ओढल्यासारखा. मला गरगरलं.

"विचित्र आहे, अंकल. बाजूला आहे, पण मध्ये कोणी नाही."

"मध्ये म्हणजे कुठे?"

"मध्ये. नेहमी माणूस बोलतो तो कसा मधोमध वाटतो, समोर बसल्यासारखा. तिथे कोणी नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं मी समजावण्यात चुकले, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"मला कसं कळणार ते," ते म्हणाले. "डावा कान नाही मला."

तिशीच्या सुमाराला एका पावसाळ्यात खांबाखाली उभं राहून लाइन तपासत असताना वीज पडली होती आणि तिचा तडाखा तारेतून थेट कानात आला होता. दोन दिवस शिट्टी वाजत होती, मग तीही थांबली. खात्यात सांगितलं असतं तर त्यांना टेबलावर बसवलं असतं. त्यांना टेबल नको होतं. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. निवृत्त झाले तरी सांगितलं नाही, कारण आता सांगायचं तरी कुणाला. मध्ये माणूस बसतो हे ते विसरूनच गेले होते.

त्यांनी चष्मा पुसला नाही. सरळ उठले, केबल काढली, तिचं टोक उघडलं. डाव्या बाजूच्या दोन तारा एकीच्या जागी दुसरी, अशा जोडलेल्या होत्या. एवढंच. एका वाहिनीची लाट वर जाते तेव्हा दुसरीची खाली. वेगवेगळ्या ऐकल्या तर दोन्ही चांगल्या. एकत्र केल्या की दोन्हींत जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे असतात, ती वाचतात. माइकवरचा माणूस दोन्हींकडे सारखा असतो. तो पुरता जातो.

 तारा बदलून सोल्डरचा डाग दिला, टोक बंद केलं, केबल लावली. मी बाहेरच्या खोलीतला रेडिओ चालू केला. निवेदक वाक्याच्या मध्यापासून ऐकू यायला लागला.

मग त्यांनी वही घेतली. तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "केबल सदोष निघाली, असं लिहा. तेवढं पुरे. तुमचं नाव कशाला?"

"रकाना तुम्हीच आखलाय," अंकल म्हणाले, आणि लिहिलं. 'जबाबदार व्यक्ती: मी. तार उलटी जोडली. डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे सांगितलं नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

"चल," ते मला म्हणाले. "अर्नाळ्याला जायचंय."

"फोन करूया ना."

"फोनवर नको."

बसमध्ये ते माझ्या डाव्या बाजूला बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते कायमच असे बसत. खोलीतही, बैठकीतही.

सुनंदा घरामागे बोंबील वाळत घालत होती. बांबूंवर जोडीजोडीनं लटकवलेले. दीर पडवीत खाटेवर, हात प्लास्टरमध्ये. आम्हाला बघून तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"पानी पाहिजे काय?" एवढंच विचारलं.

अंकल उभेच राहिले. "सुनंदा, तुझी चूक नव्हती. तार मी उलटी जोडली होती. तू तीनदा वाचलंस ते सगळं तिथेच खाल्लं गेलं."

ती थांबली. "तुमी बोल्ला होता ना, शनवारी आयकून गेलो म्हनून."

"हो. अर्धं ऐकून गेलो." आणि त्यांनी आपल्या डाव्या कानाला हात लावला.

तिला कळायला थोडा वेळ लागला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ते दिराकडे वळले. त्यालाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. दिरानं ऐकून घेतलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. अंकल तिथेच उभे राहिले. मला वाटत होतं की आता निघावं, पण ते निघेनात. शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन ऐकत होत्या. अंकल त्यांच्याकडे वळले आणि तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. त्यांना विचारलंही नव्हतं कुणी.

शेवटी सुनंदाच म्हणाली, "बसा आता. तुमी एकलंच किती येल बोलनार."

चहा झाला. चहा पिता पिता ती म्हणाली, "मी येते परत. पन मना ते सगलं शिकवा. काली खिडकी, खांब, केबल, सगलं. तुमचा एक कान, माजे दोन. मी आयकीन."

"बटणं दाबशील," अंकल म्हणाले.

"दाबीन," ती म्हणाली.

दीर काही झालं तरी शेवटपर्यंत वळला नाही. हे मी मुद्दाम सांगते. त्याचा हात पुढे बरा झाला, पण अंकलशी तो कधी बोलला असं मला आठवत नाही. अंकल त्याची विचारपूस करत राहिले. सुनंदा उत्तर द्यायची.

त्यानंतर दीड-दोन वर्षं आमच्याकडे एक वेगळीच जोडी काम करत होती. ती तुम्ही बघायला हवी होती. अंकल काळ्या खिडकीपाशी, सुनंदा हेडफोन घालून त्यांच्या उजवीकडे. ते विचारायचे, "मध्ये कोण आहे?" ती डोळे मिटून म्हणायची, "हाय, हाय. मदे हाय." किंवा, "जरा डावीकडं सरकलाय. जेवून बसलाय वाटतं." अंकल हसायचे. मी त्यांना तिच्याआधी स्टुडिओत हसताना पाहिलं नव्हतं. केंद्रप्रमुखांनी वहीतला चौथा रकाना पुढच्या वहीत आखला नाही. 

एकदा तिनं त्यांना विचारलं, "अंकल, तुमाला मदे म्हनजे काय वाटतं?"

त्यांनी विचार केला. "तू सांगतेस तिथे," ते म्हणाले.

ते गेले ते छातीच्या दुखण्यानं. चार दिवस हॉस्पिटलात होते. आजारी आहेत हे आम्हाला कळलं तेव्हा भेटायला जायचं ठरत होतं, तेवढ्यात निरोप आला. माती दिली त्या दिवशी चर्चमध्ये पुष्कळ लोक होते. खात्यातले जुने सहकारी होते. त्यांतले बरेच जण एकमेकांना हाका मारून बोलत होते. खड्ड्यात आणि खांबावर काम केलेल्यांची सवय असेल. केंद्रावर आम्ही त्या दिवशी निधनवार्ता वाचली. सुनंदानं वाचली. नेहमीच्या वेगानं, नेहमीच्या आवाजात, आणि पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगून ती बाहेर आली.

महिन्यानं आम्ही दोघी त्यांच्या वाडीवर गेलो. सुनंदानं सुकटीची पुडी आणली होती. त्यांची पत्नी, आंटी, भाजीच्या वाफ्यांना पाणी देत होत्या. त्यांना आम्ही दोघी नीट माहीत नव्हतो, नावानं ओळखत होत्या. त्यांनी हात धुतले, ओट्यावर बसवलं, केळी आणली.  मी आपलं विचारलं, की एकटं वाटत असेल.

"एकटं काय," आंटी म्हणाल्या. "लेक येते, सून येते. पण घरात हे केवढ्यानं बोलायचे! ओट्यावरून हाक मारली तर शेजारच्या वाडीतली म्हैस मान वर करायची. मी आपली इतकी वर्षं म्हणत राहिले, अहो हळू, अहो हळू, लोक ऐकतात."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. केंद्रावर त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. तिथे ते प्रत्येक शब्द मोजून, जपून बोलायचे.

"आणि आता बघा," आंटी म्हणाल्या, "मीच मोठ्यानं बोलते. कोंबड्यांशी, पंपाशी, कुणाशीही. परवा सून म्हणाली, मम्मी, केवढ्यानं ओरडता. मी म्हटलं, असू दे."

आम्ही निघालो. केळीच्या रांगांमधून फाटकापर्यंत बरंच चालावं लागतं. फाटक उघडत होतो तेव्हा मागून हाक आली.

"जपून जा गं, बायांनो! रस्ता ओला आहे!"

रस्त्यावरचा सायकलवाला थांबून वळून बघायला लागला. सुनंदानं दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि समुद्रावर मारतात तशी हाक दिली, "होऽऽ!"